आधी बेअरिंग, मग टेपर

पहाटे ५.३०

रात्रभर लागून राहिलेला पाऊस आता जरा उघडला आहे. शेडचं दार लोटलं की पहिलं काम म्हणजे लेथच्या बेडवरून तळहात फिरवायचा. खरखर लागली तर काल रात्री तेल कमी पडलं. आगरदांड्यात, राजपुरी खाडीच्या काठावर, लोखंड कोरडं ठेवून चालत नाही. जुलैत तर सकाळी पुसलेल्या पोलादावर दुपारपर्यंत तांबूस छाया येते. आज हात गुळगुळीत फिरला.

लेथ वडिलांचा, साडेचार फुटी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं, तेव्हा या शेडचे पत्रे उडाले आणि लेथ पावसात उभा राहिला. मी तेव्हा पिंपरीत एका कारखान्यात टर्नर होतो. गावी आलो तो बेडवरचा गंज काढायला, आणि मग इथेच राहिलो.

आज स्पिंडल पुरा करायचा आहे. मिलिंग मशीनचा कटर ज्याच्या टोकाला बसतो आणि ज्याच्याबरोबर फिरतो, तो पोकळ दंड म्हणजे स्पिंडल. मशीनचं टेबल आणि उभा कॉलम मी जुन्या सामानातून जमवलेत. टेबल हलकं असलं तर बारीक कट घेऊन भागतं. पण स्पिंडल डगडगला तर भागवून घ्यायला जागाच राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक स्पिंडल मी बनवला होता. त्याच्या तोंडातला टेपर, म्हणजे कटर बसवायचं निमुळतं भोक, सुंदर कापला, चकाकत होता. मग त्यावर बेअरिंगच्या बैठका टर्न केल्या, बेअरिंग बसवले, डायल लावला. काटा ८० मायक्रॉन हलला. माल चांगला होता, बेअरिंग चांगले होते, हातही वाईट नव्हता. चुकला होता तो क्रम. तो स्पिंडल आजही फळीवर आहे, आणि त्याच्याखालच्या वहीत आजच्या कामाचा क्रम लिहिलेला आहे.

सकाळी ६.३०

भाचा आला. आयटीआय करून बसलाय, हात शिकाऊ आहे पण डोळा चांगला.

"मामा, आज टेपर?"

"टेपर शेवटी. आधी सेंटर."

कच्चा माल म्हणजे ६० मिलिमीटर जाडीचा, फूटभर लांबीचा ईएन-८ चा गज. साधं मध्यम कार्बनचं पोलाद, शेकडा ०.४ च्या आसपास कार्बन. कळंबोलीच्या स्टील मार्केटातून वजनावर आणला. ट्रकचा मोडका अर्धा एक्सल भंगारात याहून स्वस्त मिळतो आणि पोलादही चिवट असतं. पण त्याची वरची कातडी कडक केलेली असते, माझ्या जुन्या लेथला आणि साध्या टूलला ती सहज कापत नाही. स्वस्त मालापायी टूल मोडायचे असतील तर तो माल महागच.

गजात आरपार १३ मिलिमीटरचं भोक आठवड्यापूर्वीच पाडलं, बाहेरून रफ टर्न केलं आणि गज तसाच ठेवून दिला. आरपार भोक पाडणं हे पहिलं काम, कारण लांब ड्रिल कधीच नाकासमोर चालत नाही, ते थोडं भरकटतंच. बाहेरचा भाग आधी फिनिश केला असता तर भोक कायमचं एका बाजूला राहिलं असतं. आता उलट केलं: भोकाच्या दोन्ही तोंडांना ६० अंशांची उतरण दिली आणि बाहेरचा सगळा भाग त्या दोन उतरणींच्या हिशोबाने टर्न होणार.

गज दोन सेंटरमध्ये धरायचा. टेलस्टॉकचा सेंटर तयार आहे, पण हेडस्टॉकचं काय? वडिलांच्या लेथचं बेअरिंग म्हातारं झालंय. तिथे विकतचा सेंटर खोचला तर तो त्याच्या मर्जीप्रमाणे फिरणार. म्हणून चकमध्ये साध्या लोखंडाचा तुकडा धरला आणि जागच्या जागी त्याला ६० अंशांचं टोक टर्न केलं. जिथे कापलं तिथेच ते वापरायचं. एकदा चकमधून काढलं की त्याची खात्री गेली. पुन्हा लावलं तर पुन्हा कापायचं.

भाचा म्हणाला, "म्हणजे हा सेंटर फक्त आजच्यापुरता."

"आजच्यापुरताच हवा आहे."

सकाळी ८.००

पुढच्या बेअरिंगची बैठक. बेअरिंग टेपर रोलर जातीचं, ३२००८ नंबरचं: आतलं भोक ४० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६८, जाडी १९. मागचं ३२००७, ते ३५ आणि ६२ चं. हीच घराणी गाड्यांमध्ये सर्रास चालतात, म्हणून मुंबईत नागदेवीच्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात आणि खिशाला झेपतात. स्पिंडलसाठी म्हणून बनवलेली पी-४ दर्जाची अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी घ्यायची म्हटली तर तिची किंमत माझ्या सगळ्या सामानाच्या वर जाते. ती वेगासाठी हवी असते, आणि वेग मला लागणार नाही. बारा मिलिमीटरचा एचएसएस कटर लोखंडात मिनिटाला २५ मीटरने चालवायचा तर फेरे निघतात साधारण ६६०. एवढ्या फेऱ्यांना टेपर रोलर निवांत असतो.

पुढची बैठक घट्ट हवी. कागदावर या बसणीला के-५ म्हणतात: ४० मिलिमीटरवर २ ते १३ मायक्रॉन जास्त. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतलं तर काम किती जपून करायचं ते कळतं. लेथच्या क्रॉसस्लाइडची डायल एवढं बारीक दाखवत नाही, म्हणून जुनी युक्ती: कंपाउंड बेडशी पावणेसहा अंशांच्या कोनात फिरवायचा. मग कंपाउंडच्या डायलवर एक दशांश मिलिमीटर चाललं की टूल आत जातं फक्त एक शतांश. महागड्या डायलचं काम एका कोनाने केलं.

चाळीसच्या वर ४ शतांश उरले तेव्हा टूल थांबवलं. पुढचं काम लाकडी पट्टीला लावलेल्या पॉलिश पेपरचं, ३२० नंबरने सुरुवात आणि ६०० ने शेवट. पट्टी लाकडीच हवी. बोटाने पेपर दाबला तर बोट मऊ असल्यामुळे कडा गोल होतात आणि बेअरिंग मधल्या टेंगळावर बसतं. पाच वेळा पेपर, पाच वेळा पुसणं, पाच वेळा मायक्रोमीटर. भाच्याला तीन ठिकाणी मोजायला लावलं: दोन टोकं आणि मध्य. तिन्ही आकडे एका सुरात आले तेव्हा पुढे सरकलो.

सकाळी ९.४५

वीज गेली. चहा आला, आणि चहाबरोबर नाखवाही आले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटी वर ओढलेल्या आहेत आणि प्रत्येकाला आपलं काम ऑगस्टच्या आत हवं आहे.

"मिस्त्री, माझ्या शाफ्टचं झालं का?"

"टर्निंग झालं, नाखवा. चावीची खाच राहिली."

"खाच काय, छिन्नीने मारून दे ना!"

तसं वर्षानुवर्षं चालत आलंय खरं. छिन्नीने खाच काढायची, कानशीने सरळ करायची आणि चावी ठोकून बसवायची. नाहीतर शाफ्ट टेम्पोत आडवा घालून रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीकडे न्यायचा आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. एका खाचेसाठी दिवस जातो, कधी दोन.

मी नाखवांना चावी दाखवली. ३५ मिलिमीटरच्या शाफ्टला १० मिलिमीटर रुंदीची चावी लागते. खाच १० च्या जागी १०.०८ झाली तर काय होईल? जेट्टीला लागताना इंजिन पुढे-मागे, पुढे-मागे होतं. दर वेळी चावी खाचेत इकडून तिकडे आपटते. सुरुवातीला आवाजही येत नाही. मग खाचेच्या कडा चेपतात, ढिलाई वाढते, आणि एके दिवशी खडकांच्या तोंडाशी, लाटेत, प्रॉपेलर शाफ्टवर नुसता फिरतो. माझा पहिला स्पिंडल ८० मायक्रॉन डगडगत होता. त्यावरच्या १० च्या कटरने खाच बरोबर १०.०८ ची पडली असती. म्हणून तो फळीवर आहे.

नाखवांनी चावी बोटांत फिरवली. "मग पंधरवड्यात दे," म्हणाले आणि कप खाली ठेवून निघाले.

भाच्याने मात्र विचारलं, "मामा, तयार स्पिंडल विकत मिळतो. एकदाच पैसे घालून मोकळं का होत नाही?"

त्याला कोल्हापूरची गोष्ट सांगितली. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा मिळत नव्हता. १९१८ च्या सुमारास त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी लेथवर भाग टर्न करून कॅमेरा स्वतः बनवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला अनेक वेळा सरकून थांबावी लागते आणि दर वेळी त्याच जागी थांबावी लागते, नाहीतर पडद्यावर चित्र नाचतं. तेवढा नेमकेपणा त्यांनी लेथवर काढला, कारण कोणता भाग कशाच्या हिशोबाने खरा हवा, हे त्यांना कळत होतं. स्पिंडल विकत आणला तर आम्हाला स्पिंडल मिळेल. बनवला तर पुढच्या वेळी बिघडलेला दुरुस्तही करता येईल, आणि बोटीचं काम करणाऱ्याला दुसऱ्या गोष्टीची गरज जास्त असते.

सकाळी ११.००

वीज आली. गज सेंटरमधून काढलेला नाही, हे महत्त्वाचं. वीज नसतानाच्या तासाभरात त्याला कुणी हात लावला नाही. आता त्याच धरणीत मागची बैठक, आणि तिच्या पलीकडे नटाचे आटे.

मागची बैठक पुढच्यासारखी घट्ट ठेवायची नाही. मागच्या बेअरिंगचा आतला भाग नटाच्या दाबाने शाफ्टवरून सरकायला हवा, कारण दोन्ही बेअरिंगमधली ढिलाई त्या सरकण्यातूनच काढायची आहे. तो घट्ट बसला तर नट आवळताना दाब बैठकीशीच अडतो आणि माणसाला वाटतं बेअरिंग आवळलं. म्हणून मागची बैठक ३५ ला टेकणारी, अंगठ्याच्या जोराने बेअरिंग चढेल एवढीच.

आट्यांची अडचण निराळी. बाजारात मिळणारा लॉकनट दीड मिलिमीटर पिचचा असतो. माझ्या लेथचा लीडस्क्रू इंची आहे, आणि मिलिमीटरचे आटे बरोबर पाडायला लागणारा १२७ दात्यांचा गिअर माझ्याकडे नाही. मग इंचाला १६ आटे पाडले आणि त्याच मापाचा नट मी स्वतः बनवणार. नट बनवणं हे जास्तीचं काम वाटतं, पण त्यात फायदा आहे. नटाचं तोंड त्याच्या आट्यांशी काटकोनात आहे, याची खात्री मी करून घेऊ शकतो. तोंड तिरकं असेल तर नट आवळताच शाफ्टच वाकतो, आणि सकाळपासून जपलेलं सगळं एका पान्याने जातं. म्हणून नटाला आधी आटे पाडायचे, मग तो आट्यांच्या मँड्रेलवर चढवून त्याचं तोंड फेस करायचं. इथेही तोच नियम: ज्याच्या आधारावर भाग काम करणार आहे, त्याच्यावरच त्याला धरून शेवटचा कट घ्यायचा.

दुपारी १२.३०

आता गजाला हात लावायचा नाही. निदान तासभर. कट घेताना पोलाद तापतं, आणि तापलेलं पोलाद फुगतं: मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन. चाळीसच्या बैठकीला दहा अंश जास्त असले तर ती पाच मायक्रॉनने मोठी दिसते, म्हणजे आपल्याला मिळालेल्या सुटीतला जवळजवळ अर्धा भाग. कारखान्यातल्या मोजणीच्या खोल्या २० अंशांवर ठेवतात. जगभर माप त्याच तापमानाचं धरलं जातं. आगरदांड्यात २० अंश कधी मिळायचे? पण खरी गरज २० अंशांची नसते, दोन्ही वस्तू सारख्या असण्याची असते. गज, मायक्रोमीटर आणि बेअरिंग एकाच लाकडी फळीवर, पंख्याखाली, शेजारी शेजारी ठेवले. पोलादाला पोलादाने मोजायचं आणि तिघांचं तापमान एक असेल, तर खोली तीस अंशांची असली तरी हिशोब चुकत नाही.

घरी जेवण. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. बंदीच्या दिवसांत हेच. ओटीवरून खाडीचं तोंड दिसतं, जंजिरा पावसात पुसट झालेला. पलीकडे दिघी. जंगलजेट्टी गाड्या घेऊन वळत होती. भाच्याने जेवताना वही मागवली आणि सकाळपासूनचे आकडे भरले. आईने पाहिलं, काही बोलली नाही, त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

परत येऊन मोजलं. पुढची बैठक ४० वर ८ मायक्रॉन. हवी तशी.

दुपारी २.१५

आता टेपर, पण रफच. नाकाची पट्टी बैठकांबरोबर एकाच धरणीत टर्न केली होती. स्टेडीरेस्टचे पितळी पाय त्या पट्टीवर टेकवले, मागचं टोक चार जबड्यांच्या चकमध्ये डायल लावून सरळ केलं.

टेपर एमटी-३ निवडला, म्हणजे मोर्स तीन नंबर. त्याचा उतार १९.९२२ ला १, म्हणजे साधारण वीस मिलिमीटर आत गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी. कारण साधं: माझ्या लेथच्या टेलस्टॉकलाही एमटी-३ आहे. ड्रिल चक, स्लीव्ह, सेंटर, जे आहे ते दोन्हीकडे चालेल. याचा एक दोष आहे, हा टेपर घट्ट धरतो आणि सोडताना ड्रॉबार, म्हणजे शँकला मागून ओढून धरणारा लांब बोल्ट, ठोकावा लागतो. ते ठोके बेअरिंगवर जातात. म्हणून ड्रॉबारला टोपी अशी करणार आहे की बोल्ट सैल केला की तोच शँकला बाहेर ढकलेल.

रफ टेपर मी मुद्दाम दोन मिलिमीटर लहान ठेवला. भाच्याला नवल वाटलं. "एवढं सोडलं तर नंतर किती कट घ्यावे लागतील!"

"थांब. संध्याकाळी कळेल."

दुपारी ३.१५

बेअरिंग बसवायचे. हाउसिंग कालच तयार झालं. जाड भिंतीचा सीमलेस पाइप, दोन्ही टोकांना बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांसाठी घरं आणि मध्ये खांदा. दोन घरं एका सरळ रेषेत येणं हीच पाइपची खरी कसोटी. एक घर कापून पाइप फिरवून दुसरं कापलं असतं तर रेषा कुठे गेली कुणाला कळलं नसतं. म्हणून पाइप क्रॉसस्लाइडवर पट्ट्यांनी घट्ट बांधला, त्याच्या आरपार दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार फिरवला आणि पाइप न सोडता दोन्ही घरं कापली.

बाहेरची कडी घरांत बसली. पुढच्या बेअरिंगचा आतला भाग तेलात तापवला, ९० अंशांपर्यंत. तापवलेलं कडं साधारण ३० मायक्रॉनने मोठं होतं आणि बैठक फक्त ८ ने जास्त आहे, म्हणून तो हातमोज्यातून सोडला की खाली जाऊन टेकतो. १२० च्या वर मात्र न्यायचा नाही, पोलादाचा कडकपणा उतरतो. ठोकायचं तर अजिबात नाही. हातोड्याचा एक ठोका रोलरमधून जातो आणि कड्यावर खूण पडते, ती जन्मभर बोलते.

टेपर रोलर बेअरिंगची जात मुळात गाडीच्या चाकासाठी जन्मली. अमेरिकेत हेन्री टिमकेन घोडागाड्या बनवायचा. गाडी वळली की चाकावर बाजूने भार येतो आणि साधं बेअरिंग तो सोसत नाही, म्हणून त्याने रोलर तिरके बसवले. १८९८ सालचं ते पेटंट. मिलिंगच्या कटरवरही तसाच दुहेरी भार येतो: कापताना बाजूने, भोक पाडताना खालून. टेम्पोच्या पुढच्या चाकात हे बेअरिंग जसे पाठीला पाठ लावून बसतात, तसेच मी इथे बसवले. शाफ्ट तापला की लांबीत वाढून थोडा सैल होतो, जाडीत वाढून थोडा घट्ट होतो, आणि या मांडणीत दोन्ही गोष्टी एकमेकींना सांभाळतात.

चाकात आणि स्पिंडलमध्ये फरक एकच. चाकात केसभर ढिलाई सोडतात, स्पिंडलमध्ये ढिलाई संपवून थोडा दाब द्यावा लागतो. किती? स्पिंडलच्या नाकाला सुतळी गुंडाळली आणि मासे तोलायच्या स्प्रिंगकाट्याने ओढली. नट थोडा थोडा आवळत गेलो. काटा एक किलोच्या आसपास सावकाश, एकसारखा ओढ दाखवू लागला तेव्हा थांबलो. काटा धक्के देत हलला असता तर कचरा आत गेला असं समजून सगळं उघडलं असतं.

संध्याकाळी ४.४५

दिवसभराचं काम ज्यासाठी केलं ते आता. स्पिंडल आपल्या बेअरिंगमध्ये, आपल्या हाउसिंगमध्ये पुरता बसला आहे. जो आस आयुष्यभर राहणार, तो आता जन्मला. त्या आसावर फिरतानाच टेपरचा शेवटचा कट घ्यायचा.

लेथच्या बेडवर दोन व्ही-ब्लॉक ठेवून हाउसिंग त्यात आडवं बांधलं, नाक टेलस्टॉककडे. मागचं टोक हेडस्टॉकला जोडायचं, पण घट्ट जोडलं तर लेथची जुनी डगडग स्पिंडलमध्ये उतरेल. म्हणून मध्ये बोटीच्या थंड पाण्याच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा, दोन्हीकडे क्लॅम्प. रबर फेरे पोचवतं, वाकडेपणा पोचवत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. टेपर दोन मिलिमीटर लहान आहे, म्हणून टेलस्टॉकचा डेड सेंटर त्यात घातला तर तो साधारण ४० मिलिमीटर बाहेर राहतो. बाहेर राहिलेला शँक हा माझा नमुना. टूलपोस्टला डायल लावून कंपाउंड त्या शँकवरून सरकवला आणि कोन जुळवत गेलो. रफ भोक थोडं वाकडं असणारच, म्हणून एकदा मोजून स्पिंडल अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा मोजलं. दोन्ही वाचनांची सरासरी शून्य झाली तो कोन खरा. अंशांच्या खुणांकडे मी पाहिलंही नाही, त्या एवढ्या बारीक नसतात. आणि त्याच सेंटरच्या टोकाला टूलचं टोक टेकवून उंचीही लावून घेतली. उंची चुकली तर टेपरची भिंत सरळ न राहता आत वाकते.

"म्हणून दोन मिलिमीटर!" भाचा म्हणाला.

अडीचशेच्या आसपास फेरे. बारीक बारीक कट, मध्ये न थांबता, कंपाउंडचं हँडल दोन्ही हातांनी आळीपाळीने फिरवत. शेवटचे काही कट त्यालाच घ्यायला दिले. त्याच्या हाताला लय यायला दोन कट लागले, तिसऱ्या कटाचा किस एकसंध, केसासारखा आला. दर कटानंतर सेंटर घालून पाहायचं: तो एक मिलिमीटर जास्त आत गेला की व्यास ५० मायक्रॉनने वाढला, हा हिशोब.

संध्याकाळी ६.३०

शँकवर निळ्याच्या तीन बारीक उभ्या रेघा ओढल्या, टेपरमध्ये घालून पाव फेरा फिरवला, काढला. तिन्ही रेघा तोंडापासून मागपर्यंत पुसट झाल्या होत्या, पुढच्या मोठ्या बाजूला किंचित जास्त. पुढे जास्त टेकणं चांगलं. मागे टेकून पुढे पोकळी राहिली असती तर कटर थरथरला असता.

मग लिव्हर डायल. टोक टेपरच्या आत टेकवलं आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवला. डायलवर एक घर म्हणजे १० मायक्रॉन. काटा घराच्या चौथाईतच घुटमळला. फळीवरच्या जुन्या स्पिंडलवर तोच काटा आठ घरं चालला होता. लेथ तोच, तिरके रोलर त्याच जातीचे, हातही तेच.

मग कोलेट चकमध्ये १२ चा चकचकीत गज धरून पाहिलं. काटा दोन घरं. ती चूक कोलेटची आणि चकची, आणि ती बदलता येण्यासारखी आहे. स्पिंडलची चूक बदलता आली नसती.

रात्री ८.००

स्पिंडल चालवून पाहतोय. पहिल्या दहा मिनिटांत हाउसिंग कोमट झालं, अर्ध्या तासात ऊन. हात ठेवता येतो, सुखाने ठेवता येतो. हात चटकन उचलावा लागला असता तर नट थोडा सोडायचा होता. अगदी थंडच राहिलं असतं तर थोडा आवळायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. एकसारखी घुमणी, मध्ये कुठे टिकटिक नाही.

हिशोब भाच्याने केला: गज, पाइप, दोन बेअरिंग, ग्रीस, कोलेट चक, जुनी एक हॉर्सपॉवरची मोटर आणि पट्ट्याच्या पुली मिळून दहा हजारांच्या आत. त्याने विचारलं, यात आपले दिवस धरायचे का? धरायचे, असं मी म्हणालो. कामाचे दिवस खर्चात लिहिले नाहीत तर पुढच्या माणसाला वाटेल हे फुकट होतं.

आता कॉलमवर चढवणं, पट्टा, मोटर. नाखवांच्या शाफ्टची खाच पंधरवड्यात होईल.

लेथ पुसला, बेडला तेल लावलं. डेड सेंटर टेलस्टॉकमध्ये परत गेला. मी दिवा घालवायला गेलो तर भाचा खाली बसून वहीत काही लिहीत होता. आजच्या क्रमाखाली त्याने एक ओळ वाढवली होती, जी मला सुचली नव्हती: कॉलम मशीनला जोडण्याआधी स्पिंडलवर डायल लावावा, आणि स्पिंडल जसा फिरतो त्याप्रमाणे कॉलम उभा करावा, कॉलमप्रमाणे स्पिंडल नाही.

बरोबर आहे, असं मी म्हणालो. मग त्याने टेपरमध्ये तेलाचा बोळा घातला आणि पावसाच्या आत घरी जायला निघाला.